घर बसलं

माझ्या धाकट्या बहिणीच्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीचा हा पावसाळा. वर्ष आकड्यात सांगता येईल, पण आमच्याकडे आकडे कुणी धरून ठेवत नाही. आई गेली ते वर्ष, मला शाळेत काम लागलं ते वर्ष, भिंगरीचं लग्न झालं ते वर्ष, अशी आमची मोजणी. लग्न उन्हाळ्यात झालं. कचेरीत सह्या झाल्या, बाहेरच्या पायऱ्यांवर उभं राहून एक फोटो काढला, आणि त्या फोटोतही भिंगरी हललेली आहे. नवरा काठीसारखा ताठ, धाकटीचे डोळे मिटलेले, मी हातातली पिशवी पोटाशी धरून, आणि मधोमध एक पुसट तोंड, हसतंय की काही बोलतंय ते कळत नाही. फोटो हातात आला तेव्हा धाकटी म्हणाली, "बघ अक्का, कार्टी फोटोतसुद्धा एका जागी बसत नाही." भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. रांगायला लागली तेव्हापासून ती गरगर फिरायची, जेवतानासुद्धा घास तोंडात आणि पाय दारात, म्हणून मीच ते नाव ठेवलं आणि खरं नाव दाखल्यापुरतं उरलं. मला ती मावशी म्हणायची. तशी मला मावशी सगळेच म्हणतात. मी शाळेत शिपाई आहे, घंटा देते, वर्ग झाडते, पोरांची नाकं पुसते. पहिलीतल्या पोरापासून मोठ्या बाईंपर्यंत मी सगळ्यांची मावशी. पण नात्याने मावशी म्हणणारी जगात ती एकटी होती, आणि दोन्ही हाकांतला फरक कानाला लगेच कळतो. शाळेतली हाक काम घेऊन येते. तिची हाक नुसतीच यायची.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती बॅग उचलून आईकडे परत आली. सासूशी पटेना. सासू म्हणे ही पहाटेपासून भांडी आपटते, भिंगरी म्हणे मी आपटत नाही, मी नुसती जाते तिथून. जावई पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला. दिवसा तो झोपायचा, दोघींचं भांडण त्याला झोपेत ऐकू यायचं, आणि उठल्यावर तो आईला म्हणायचा तुझं खरं आणि बायकोला म्हणायचा तुझं खरं. गरीब माणूस. त्याच्या अंगाला कायम पावाचा वास, त्यामुळे त्याच्यावर फार वेळ रागावता यायचं नाही. धाकटी मात्र सुकली. रोज संध्याकाळी तिचा फोन. "अक्का, हिचं घर बसेल का गं?" मी म्हणायचे, बसेल, नवं आहे, जोडासुद्धा आधी चावतो. ती म्हणायची, "एकदा हिचं घर बसलं की मी सुटले." हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्या वेळा ऐकलं की भाजी चिरताना, फरशी पुसताना ते आपोआप डोक्यात फिरायचं. मग एक दिवस जावयाने वेगळी खोली घेतली. धाकटी राहायची नाल्याकाठच्या ओळीत, तिच्या मागे टेकडीचा उतार, आणि त्या उतारावर वर वर चढत गेलेल्या खोल्या. तिथे खोली लगेच मिळते, कारण तिथे कुणाला राहायचं नसतं. भर पावसात तो बायकोला न्यायला आला. हातात काय, तर नवी कोरी निळी बादली. धाकटीने दारातच विचारलं, "हे काय आणलंत?" तर म्हणे, छप्पर जरा गळतं. भिंगरी त्या बादलीकडे बघून इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली, आणि हसता हसताच चपला घालून गेली. हे मला धाकटीने फोनवर सांगितलं. तीही हसत होती. पण शेवटी म्हणाली, "गेली खरी. आता बसू दे म्हणजे झालं."

त्या सकाळी शाळा भरली होती ती नावाला. पाऊस किती दिवस चालला होता ते कुणी मोजायचं सोडलं होतं. खालच्या रस्त्याला पाणी होतं, तिकडची पोरं आलीच नव्हती; शाळा उंचावर, म्हणून आम्ही कोरडे. मी स्वयंपाकाच्या कोनाड्यात बायांचा चहा ठेवत होते आणि फोन वाजला. धाकटीच्या ओळीतला इस्त्रीवाला. कोपऱ्यावर टेबल टाकून लोकांचे कपडे इस्त्री करतो. धाकटीचा फोन बिघडला की ती त्याच्याच फोनवरून बोलायची, म्हणून माझा नंबर त्याच्याकडे.

"मावशी, इस्त्रीवाला बोलतोय. ऐकू येतंय का?"

"येतंय, बोला."

मागे खूप माणसांचा आवाज होता. कुणी कुणाला हाका मारत होतं, काहीतरी ओढल्यासारखं वाजत होतं.

"मावशी, भिंगरीचं घर बसलं."

"बसलं?"

"बसलं हो. आमच्या डोळ्यांदेखत बसलं."

"चांगलं झालं बाई! जीव भांड्यात पडला माझा."

पलीकडे कुणी बोलेना. मला वाटलं, आवाज पोचत नाही. मी मोठ्याने म्हटलं, "अहो, फार चांगलं झालं! धाकटीला म्हणावं आता तरी स्वस्थ झोप. मी येतेच संध्याकाळी." तो नुसतं "मावशी" म्हणाला. मग खरखर, मग काहीच नाही.

लोक विचारतात, असा पाऊस, अशी टेकडी, आणि तुम्हाला कळलं नाही? नाही कळलं. ज्याला ज्याची भूक त्याला त्याचाच वास येतो. महिनाभर मी त्या एका वाक्याची वाट बघत होते, आणि ते वाक्य जसंच्या तसं माझ्या कानात आलं. डोळ्यांदेखत म्हणाला, तर मला दिसलं की भिंगरी नव्या खोलीच्या दारात उभी आहे, शेजारणी जमल्यात, कुणी टेबल ओढून आत नेतंय, जावई मध्ये मध्ये करतोय. गलका होता ना मागे. सगळं नीट बसत होतं. मी डबा उघडून चहात जास्तीची साखर घातली. पहिलीच्या बाई म्हणाल्या, "मावशी, आज चहा फार गोड झालाय." मी म्हटलं, "बातमीच गोड आहे बाई, आमच्या पोरीचं घर बसलं." बाई म्हणाल्या, "अरे वा!" मोठ्या बाईंनी खोलीतून मान काढून विचारलं काय झालं, तर बाईंनी त्यांनाही सांगितलं, मावशींच्या भाचीचं घर बसलं, आणि त्याही म्हणाल्या, छान झालं. शिकलेल्या, न शिकलेल्या, आम्ही तिघी बाया गोड चहा पीत उभ्या होतो. बाहेर कौलांवरून पाणी पडत होतं. दुपारपर्यंत मी पिंजऱ्यातून सुटल्यासारखी कामं केली. कपाटाच्या वरची धूळ काढली, जी वर्षभर तशीच होती. तो आनंद खोटा होता असं मला म्हणता येत नाही. तो पुरता खरा होता, आणि हीच गोष्ट नंतर कुठे ठेवावी ते कळेना.

दुपारी पहिला ट्रक आला. शाळा उंचावर म्हणून माणसं आमच्याकडे आणायची ठरलं होतं. मोठ्या बाईंनी उरलेल्या पोरांना घरी धाडलं, मी वर्ग उघडले, बाकं बाहेर काढायला लागले. ट्रकमधून माणसं उतरत होती ती एकाच रंगाची होती, चेहरे, कपडे, हातातली बोचकी, सगळं चिखलाचं. त्यांत एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो बोलला तेव्हा मी इस्त्रीवाल्याला ओळखलं. आयुष्यभर कडक इस्त्रीचा सदरा घालणारा माणूस. म्हणाला, "मावशी, तुम्ही अशा कशा हो?" मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, "घर बसलं म्हटलं मी तुम्हाला. अख्खा उतार खाली आला. भिंगरी आत आहे." मी हातातलं बाक खाली ठेवलं. हळूच ठेवलं, ते आठवतं. शाळेत बाकं आपटायची नाहीत हे मीच पोरांना सांगत असते.

मग मी निघाले. पुलावरून पाणी, म्हणून वरच्या अंगाने लांबून. उताराखाली दोरी बांधली होती आणि दोरीच्या पलीकडे धाकटी उभी होती. तिची स्वतःची खोली नाल्याने केव्हाच नेली होती, पण ती तिकडे पाठ करून उभी होती. वरच्या खोल्यांच्या जागी काही नव्हतं. ओला, लाल, उघडा भाग होता, सोललेल्या गुडघ्यासारखा. माणसं फावडी घेऊन उकरत होती, जावई हातांनी उकरत होता. धाकटी हाका मारत होती. तोंड उघडत होतं, मान पुढे जात होती, गळ्याच्या शिरा ताणत होत्या, आणि आवाज नव्हता. सकाळपासून ओरडून ओरडून गेला होता. मी दोरीखालून जाऊन तिचा दंड धरला. तिने माझ्याकडे पाहिलं. दूरच्या ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं, दंड सोडवून घेतला आणि पुन्हा तोंड त्या मातीकडे केलं. मी तिथे उभी राहिले. संध्याकाळी शाळेतून माणूस आला की मावशी, किल्ल्या तुमच्याकडे आहेत, वरचे वर्ग बंद आहेत, लोक जिन्यात बसलेत. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेलाच होता. मी परत गेले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले, दर वेळी दोरीपाशी तीच पाठ. पाऊस थांबायचा, माणसं उकरायची. पाऊस यायचा, वरचं पुन्हा खाली यायचं, उकरलेलं बुजायचं. ज्यांनी हे काम केलं त्यांच्या तोंडून एक शिवी ऐकू आली नाही. शिवी द्यायला अंगात जोर लागतो.

भिंगरी सापडली तेव्हा मी तिथे नव्हते. तिला पोचवून झाल्यावर धाकटीला शाळेत आणलं. बरोबरची बाई म्हणाली, "मावशी, हिला सांभाळा. आवाज बसलाय हिचा, बोलायला लावू नका." बसलाय. मी मान हलवली. धाकटीला पहिलीच्या वर्गात जागा मिळाली, अजून दोन कुटुंबांबरोबर. भिंतीवर पोरांचा अक्षरतक्ता होता, तिने त्याच्याच खाली पाठ टेकली. तो तक्ता मला पाठ आहे, कारण मी अक्षरं शिकले ती त्याच वर्गाच्या दारात, केस पिकायला लागल्यावर. पोरांना शिकवताना बाई जरा मोठ्याने म्हणायच्या आणि माझ्याकडे न बघता माझ्यासाठी थांबायच्या. अक्षर येण्याआधी शब्द म्हणजे हवा होती, तोंडातून निघाली की गेली. अक्षर आल्यावर शब्द दिसायला लागतात. त्या दिवसांत मी एकदा, वर्गात कुणी नसताना, खडूने फळ्यावर लिहून पाहिलं: घर बसलं. मग त्याच्याखाली पुन्हा लिहिलं: घर बसलं. पहिलं भिंगरीच्या संसाराचं, दुसरं दरडीखालचं. मला वाटलं होतं लिहिल्यावर तरी काही वेगळं दिसेल, एखादी काना-मात्रा. काही नाही. मी दोन्ही पुसलं.

आमच्या बोलण्यात काय काय बसतं याचा हिशेब तेव्हा माझ्या डोक्यातून जाईना. घर बसतं. आवाज बसतो. धक्का बसतो, गाळ तळाशी बसतो, दातखीळ बसते, मुकाट्याने बसतं माणूस. डॉक्टर आले होते, त्यांनी धाकटीच्या घशात बॅटरी मारून पाहिलं. मी बाहेर गाठून विचारलं. ते म्हणाले, सूज उतरली आहे, बोलता यायला हवं. "मग बोलत का नाही?" तर म्हणाले, "ते घशात दिसत नाही, मावशी." तोवर मी समजत होते की तिचा आवाज बसलाय. त्या दिवसापासून मला कळेना की आवाज बसलाय की ती माझ्याशी बोलत नाही. दुसऱ्यांशीही ती बोलत नव्हती, पण दुसऱ्यांनी कुणी चांगलं झालं म्हटलं नव्हतं. मी इस्त्रीवाल्याला गाठलं. वरांड्यात तो ओल्या चादरी हाताने दाबून दाबून सपाट करत होता, हातांना सवय. "तुम्ही धाकटीला सांगितलंत का, मी फोनवर काय म्हणाले ते?" तो म्हणाला, "मी कशाला सांगू?" चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "एवढ्या गोंधळात कुणी विचारलं, मावशीला कळवलं का, तर म्हटलं असेन काहीतरी. मलाही तेव्हा राग आला होता हो. नंतर रात्री आडवा पडलो तेव्हा लक्षात आलं, मावशीला वेगळं ऐकू आलं असणार." मी म्हटलं, "मग हे नंतरचं सांगितलंत का कुणाला?" त्याने पुढची चादर ओढली. नंतरचं कुणी कुणाला सांगत नाही. नळावर मी बादली भरत होते तेव्हा एक बाई दुसरीला म्हणाली, "हीच ती. भाची गाडली गेली तर चांगलं झालं म्हणणारी." दुसरी म्हणाली, "हळू, तिच्याकडेच चहाची किटली आहे." त्याही अवस्थेत मला हसू आलं. खरंच होतं, किटली माझ्याकडेच होती.

शाळा माणसांनी भरली की ती शाळा राहत नाही, पण घरही होत नाही. बाकं अंगणात रचलेली, त्यांवर चिखलाचे कपडे. घंटेच्या दोरीला कुणीतरी मोजे वाळत घातले होते. हात धुवायचे नळ सहा वर्षांच्या पोरांच्या उंचीचे; मोठी माणसं त्यांच्यासमोर वाकून वाकून कमरा धरायची. एक म्हातारेबुवा पोराच्या खुर्चीत बसले ते अडकले, उठले तर खुर्ची बरोबर आली. म्हणाले, "बाई, आम्हाला नापास करा पण सोडा." सगळा वर्ग हसला. मी चटकन धाकटीकडे पाहिलं. ती खुर्चीकडे बघत होती, हसणाऱ्यांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. रोज सकाळी मी तिच्यापुढे चहा ठेवायचे, बिनसाखरेचा, कारण साखरेचा डबा उघडायला माझा हात होत नव्हता. ती प्यायची. कप पुढे सरकवायची. मी समोर उभी असले तर कप जमिनीवर ठेवून भिंतीकडे वळायची. शाळेमागे माझी एक खोली आहे, एक खाट, एक खिडकी. मी म्हणायचे, "धाकटे, चल ना माझ्याकडे. इथे फरशी गार आहे." भिंत. "तुझं अंग पुसून देते." भिंत. लहानपणीही रुसली की अशीच भिंतीकडे तोंड करायची, आणि मग मी तिच्या पाठीवर बोटाने चित्र काढायचे आणि तिने ओळखायचं. पाठीवर मांजर काढलं की हमखास हसायची. आता ती पाठ समोर होती आणि बोट उचलत नव्हतं. थकवा म्हणतात तो पायांत असतो असं मला वाटायचं. तो बोटातसुद्धा असतो.

एकदा जावई आला. तो शाळेत राहत नव्हता, कारखान्यातच पिठाच्या पोत्यांवर झोपायचा. वर्गाच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. हात पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेले. पिशवीत पाव होते, ते त्याने माझ्याकडे दिले. म्हणाला, "मावशी, त्यांना सांगाल का? माझ्याकडून सांगवत नाही." मी म्हटलं, काय? तो म्हणाला, "ती बसलेली होती." मला आधी कळेना. "भिंतीला टेकून बसलेली होती. बादली मांडीवर. मी कामावर जाताना म्हटलं होतं, गळतं तिथे बादली ठेव आणि झोप. ती बादली धरून बसली." मग म्हणाला, "मी कधी तिला इतका वेळ एका जागी पाहिलं नव्हतं." आणि गेला. वर्गात धाकटी तक्त्याखाली होती, दारापासून काही लांब नाही. तिला ऐकू गेलं की नाही ते पाठीवरून समजेना. मी पाव वाटले. तिच्यापुढे एक ठेवला. तिने तो उचलला, वासाला नाकाशी धरला, आणि तसाच धरून राहिली.

पाऊस ओसरला तसे साहेब लोक यायला लागले. शाळा पुन्हा सुरू करायची, माणसांना गावाबाहेर पत्र्याच्या खोल्यांत हलवायचं. साहेब चांगला होता, अंगणात उभा राहून समजावून सांगत होता की तिथे पाणी आहे, वीज आहे. म्हातारेबुवा म्हणाले, "आणि टेकडी?" साहेब म्हणाला, "टेकडी नाही, आजोबा, सपाट आहे." बुवा म्हणाले, "मग पाणी येईल." साहेबालाही हसावं की नाही कळेना. ट्रक कधी येणार ते ठरलं. एकदा ट्रकमध्ये चढली की धाकटी गावाबाहेर जाणार, पत्र्याच्या खोलीत, अनोळखी माणसांत, आणि माझ्याशी न बोलता जाणार. आमचं वय असं की न बोलता गेलेलं माणूस परत बोलायला मिळेलच याचा भरवसा नाही. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी एका चमच्यावरून भांडलो होतो, आणि आईने मध्ये पडून तो चमचा मला दिला होता. तो अजून माझ्याकडे आहे. मी असं काहीबाही आठवत वर्ग झाडत राहिले. कुणी गादी गुंडाळत होतं, कुणी पोराला हाका मारत होतं. बोचकी बाहेर जायला लागली. ज्या बाईने मला नळावर बोल लावला होता तिने जाताना माझा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, फार केलंत." मी म्हटलं, "सांभाळून जा." दुसरं काय म्हणणार.

वर्ग रिकामा झाला आणि धाकटी तशीच तक्त्याखाली. शेजारी तिचं बोचकं बांधलेलं. म्हणजे तिने ते बांधलं होतं. जायचं ठरवलं होतं. अंगणातून ट्रकचा भोंगा वाजला. माझ्या हातात फडकं आणि बादली. फरशीच्या सांध्यांत गाळ बसला होता, मी गुडघ्यांवर टेकून तो काढायला लागले आणि काढता काढता बोलायला लागले. तिच्याकडे न बघता, फरशीकडे बघून. म्हटलं, "धाकटे, मला वाटलं संसार बसला. तूच म्हणायचीस ना गं रोज, घर बसू दे, घर बसू दे. मला तेवढंच ऐकू आलं. मी चांगलं झालं म्हटलं ते त्याला म्हटलं. मी चहात साखर घातली. अख्ख्या शाळेला गोड चहा पाजला मी, आणि ती तिकडे… मला माहीत असतं तर मी असं म्हटलं असतं का? तूच सांग. माझी नव्हती का ती? मी नाव ठेवलं तिचं. मला एकटीला ती…" थांबता येईना. हात फरशीवर मागे पुढे, तोंड सुरू, पुन्हा पहिल्यापासून, मला वाटलं, तूच म्हणायचीस, साखर. बाहेर पुन्हा भोंगा वाजला. मी तेच तेच बोलत होते, आवाज चढत चालला होता, आणि मागून कुणीतरी म्हणालं,

"बस."

आवाज ओळखीचा नव्हता. खरखरीत, खालून आलेला, बरेच दिवस बंद असलेलं दार उघडावं तसा. मी गप्प झाले. फडक्यातून पाणी गळत होतं. बस म्हणजे पुरे कर, ऐकवत नाही, जाऊ दे मला. किंवा बस म्हणजे बस, इथे, माझ्याजवळ. मी मान वळवून पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, अंगणाकडे बघत होती, चेहऱ्यावरून काही समजायला मार्ग नव्हता. विचारता आलं असतं. पण एकदा एका शब्दाचा अर्थ मी माझ्या मनाने लावला होता आणि फार लांबपर्यंत गेले होते. आता पुन्हा तेच करायचं, की उठून बादली घेऊन बाहेर जायचं? माझे गुडघे दुखत होते. खरं सांगायचं तर उठायचीही ताकद नव्हती. मी हात अंगाला पुसले, सरकत सरकत भिंतीपर्यंत गेले आणि तिच्या शेजारी तक्त्याखाली पाठ टेकून बसले. फरशी ओली होती. ती बाजूला सरकली नाही. दोघींच्या मध्ये ते बोचकं होतं. थोड्या वेळाने तिने ते उचलून पलीकडे ठेवलं. बाहेर साहेब कुणाला तरी विचारत होता, "अजून कुणी राहिलंय का आत?" इस्त्रीवाल्याचा आवाज आला, "नाही साहेब. आत त्या दोघी बहिणी आहेत. त्या बसल्यात." मग ट्रक सुरू झाला आणि गेला.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. त्यानंतर ती बोलायची, फार नाही, कामापुरतं. जुना आवाज परत आला नाही. जावई सुट्टीच्या दिवशी पाव घेऊन यायचा आणि दोघींच्या मध्ये बसून चहा प्यायचा. तू कोणतं बस म्हणालीस, हे मी तिला कधी विचारलं नाही.

भिंगरी गेली ती त्या पावसाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, शाळेची मधली सुट्टी व्हायच्या आधी. तिच्याबरोबर उतारावरची आणखी सतरा माणसं गेली. माझी धाकटी बहीण गेली त्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, दुपारी, माझ्या खोलीतल्या खाटेवर. मी शेजारी बसले होते.